नोंद करणारी

ग्रंथालयाचा संगणक सांभाळणाऱ्यांना सगळे काका म्हणत. त्यांची बायको तिथंच पुस्तकांच्या नोंदी करायची, म्हणून ती आपोआप सगळ्यांची काकू. काकू गेल्या, आणि वर्षाच्या आत डेटाबेसची नवी आवृत्ती घ्यायचं ठरलं.

प्रत्येक नोंदीखाली ती कुणी केली आणि कधी, हे बारीक अक्षरांत यायचं. वाचकांना त्याचं काही नव्हतं. काका मात्र जेवणाच्या सुट्टीत तेच वाचत बसत. सकाळी घरी भांडण झालेलं असलं की काकूंच्या नोंदी धडाधड पडायच्या. पुढं बोटं सुजू लागली, तशी दोन नोंदींमधली वेळ लांबत गेली.

"बाहेरची माणसं बोलावू या का?" ग्रंथपाल मॅडमनी विचारलं.

"नको, मीच करतो." परक्या हातात द्यायला काकांचं मन होईना.

नव्या आवृत्तीचा खाक्या असा, की जो नोंद आत घालील त्याचंच नाव आणि त्या क्षणाची वेळ ती लावून टाकते. जुनं ठेवायचं तर आधी तो नियम बंद करावा लागतो. काकांनी चाचणीच्या मशीनवर तो बंद केला, नोंदी भरल्या, काकूंचं नाव जिथल्या तिथं पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. खऱ्या मशीनवर तो पुन्हा बंद करायचं मात्र राहून गेलं. नंतर पुस्तकं, लेखक, कपाटं, सगळं त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासलं. खालची बारीक अक्षरं तेवढी पाहिली नाहीत. ती चाचणीत पाहिलीच होती की. मग काम पूर्ण झाल्याची सही केली आणि जुन्या डिस्क, बॅकअप आणि चाचणीच्या मशीनसकट, रीतीप्रमाणे पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाई हसत म्हणाल्या, "कमाल आहे हं, काका! अख्खं ग्रंथालय एका दुपारात चढवलंत? काकूंच्या नावावर एकही नोंद ठेवली नाहीत!"

"म्हणजे?"

"सगळीकडे तुमचंच नाव आहे."

काका येऊन पाहू लागले. एक पुस्तक, दुसरं, तिसरं. बाईंचं हसू विरलं.

"परत आणता येईल ना हो?"

काकांनी मान हलवली, नाही अशी.

ते खुर्ची ओढून बसले. पहिलं पुस्तक उघडून शेऱ्याच्या चौकटीत त्यांनी एका बोटानं लिहिलं, "नोंद काकूंची." जतन केलं. खाली बारीक अक्षरं उमटली: बदल करणारा, आणि पुढं त्यांचंच नाव.

काकांनी दुसरं पुस्तक उघडलं.