गोणपाट न भिजवता

चार दिवस आभाळ नुसतंच भरून येत होतं. अंगाला चिकटणारा उकाडा, पण पाण्याचा टिपूस नाही. धुरपताबाईनं गोठा झाडला, शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि रोजची वाट सोडून मागल्या बोळीनं उकिरड्याकडं निघाली. रोजच्या वाटेवर पार होता आणि पारावर माणसं होती.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या त्या गावात पेरणीआधी बियाणं तिच्या ओसरीवर यायचं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडून ती सुरळी करायची. सहाव्या दिवशी उलगडून कोंब मोजायची. "सत्तरच्या खाली हाय, पेरू नगा," म्हणाली की बॅग दुकानात परत. सून दीपमालानं त्याचा व्हिडिओ टाकला, तो लाखभर लोकांनी बघितला. मग बियाण्याच्या कंपनीची गाडी दारात आली. इरकल नेसवून फोटो काढला, लातूरच्या मेळाव्यात स्टेजवर शाल घातली. औंदा सोयाबीनच्या प्रत्येक बॅगेवर धुरपताबाई हसत होती, हातात कोंब धरून.

गावानं डोळे झाकून तीच बॅग पेरली. पंधरा दिवस झाले, पेरणीच्या तासात दहा हातांवर एखादं रोप. पावसाला नाव ठेवायची सोय नव्हती. त्याच पावसावर एकट्या धुरपताबाईचं रान हिरवंगार होतं.

उकिरड्यावर शेजारची गुरम्माक्का उभीच होती.

"मागल्या बोळीनं हिंडायलीस गं? मोठी माणसं अशीच असत्यात म्हणं."

धुरपताबाईनं पाटी उपडी केली.

"मी दुकानदाराला म्हणलं, मूठभर दे, धुरपताला दाखवून येते. त्यो हसला. म्हणला, म्हातारे, ती तर बॅगेवरच बसलीय. मला बी पटलं. घरात गोणपाट व्हतं, पाणी व्हतं. भिजवलं न्हाई."

"अक्का, त्या कंपनीला..."

"कंपनीला मी कुठं वळखते? तुला वळखते. एवढंच सांग, तुझ्या गोणपाटात किती कोंब निघाले व्हते?"

नव्वद म्हणलं असतं तरी खपलं असतं. बी खोल पडलं असंल, असंही म्हणता आलं असतं. धुरपताबाईला हाताला लागलेलं शेण पुसायलाही सुचेना.

"त्यांचं बी घातलंच न्हाई, अक्का. इरकल नेसले, तितंच भुलले. फोटोत हायत ते कोंब घरच्या बियाण्याचे. रानात बी घरचंच पेरलं."

गुरम्माक्का जायला वळली.

"पोरगं निलंग्याला गेलंय, दुबार पेरणीचं बियाणं आणायला."

"आण की मूठभर. मी बघते."

"नगं. माझं मी मोजते. तूच शिकवलंयस."

रिकामी पाटी घेऊन धुरपताबाई रोजच्या वाटेनं परतली. पारावर माणसं होतीच. "रामराम, बाई" म्हणून कुणी हाक मारली नाही. घरी पाटी भिंतीला टेकवून तिनं खुरपं घेतलं. तण माजलं होतं, खुरपण लांबवून चालणार नव्हतं. तिचं रान रस्त्याला लागूनच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार होती, हिरव्या तासात वाकलेली, एकटी. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि खुरपायला पहिली पात धरली.