उकड्या तांदळाचं वाटप

मुलुंडला समोरच्याच दारात राहणारी माझी मैत्रीण आणि मी, आम्ही दोघींनी नऊ वर्षं कोंबडी-वड्यांच्या ऑर्डरी घेतल्या. वडे ती थापायची, रस्सा माझा. सोसायटीतली बारशी, वाढदिवस, गटारीचा रविवार. दोन्ही घरांच्या शेगड्या पेटलेल्या आणि दोन्ही दारं दिवसभर उघडी.

माझ्या रश्श्याला दाटपणा येतो तो भाजलेल्या उकड्या तांदळामुळे. हे मी कुणाला सांगत नसे. गुपित म्हणून नव्हे, लाज वाटायची म्हणून. बाबांची गिरणी बंद पडल्यावर घरी नारळ परवडेना, तेव्हा आई मूठभर तांदूळ भाजून वाटपात घालायची आणि पाहुण्यांनी चव वाखाणली की मान खाली घालायची. एकदा कांदा चिरता चिरता मी हे मैत्रिणीला सांगितलं. तिने सुरी बाजूला ठेवून माझा हात धरला होता.

मग जो तो फोनवरून जेवण मागवायला लागला. आमच्या ऑर्डरी आटल्या. एक दिवस ती म्हणाली, "गुडघे गेले गं माझे. आता नाही जमणार." मला खरंच वाटलं. ती रोज सकाळी व्यायामाला म्हणून बाहेर पडायची, तेव्हा तिच्या घरची भाजीसुद्धा मी आणून ठेवायचे.

त्या पावसाळ्यात मला ताप आला होता. तोंडाला चव यावी म्हणून सुनेने एका मोठ्या कंपनीचे कोंबडी-वडे मागवले. पहिल्याच घासाला माझा हात थांबला. सुनेने फोनवर लिहिलेलं वाचून दाखवलं, "भाजलेल्या उकड्या तांदळाचं वाटप. आमच्या आईच्या हातची चव." खाली स्वयंपाकघराचा पत्ता होता, कांजूरमार्गचा एक गाळा.

मी अंगावर शाल घेतली आणि समोरची बेल वाजवली.

"कांजूरमार्गला जातेस तू?"

तिने नजर चुकवली. "शिकवायला जाते. त्यांच्या माणसांना वडे येत नव्हते."

"आणि रस्सा?"

"अगं, तू काय करणार होतीस त्याचं? पडूनच राहिलं असतं ना."

"माझ्याकडे मागितलं असतंस तर दिलं असतं. पण ही 'आमची आई' कुणाची गं?"

"ते त्यांच्या ऑफिसात लिहितात. मी फक्त सांगितलं."

फक्त सांगितलं! माझ्या आईची ती खाली गेलेली मान हिने त्यांना सांगितली होती, आणि त्यांनी तिची जाहिरात केली.

मी एकटीने पुन्हा थोडं सुरू केलं. पहिल्याच डब्यानंतर तळमजल्यावरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "अगदी त्या अ‍ॅपवाल्यांसारखा झालाय हो!" मी हसले. घरी येऊन खूप रडले.

दिवाळीनंतर मैत्रीण दारात आली. वाटप आता कारखान्यातून पाकिटात भरून येतं, कंपनीने तिला नको म्हटलं होतं. "परत करूया का गं दोघी मिळून?"

तिचा चेहरा उतरला होता. मला बरं वाटेल असं वाटलं होतं, ते वाटलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

ती गेली. मी दार लावून घेतलं आणि गॅसवरचं खोबरं करपायच्या आत परतायला आत गेले.