जबड्यातली कळ

आमच्या तालुक्यात हृदयविकाराचं संशोधन सुरू झालं, तेव्हा मला त्यात काम मिळालं ते अक्षर चांगलं म्हणून. डी.एड. होऊन मी चार वर्षं धामापुरात घरी बसले होते. किनाऱ्यावरच्या वाड्यांत घरोघरी जायचं, रक्तदाब मोजायचा, छापील फॉर्ममधले प्रश्न विचारून उत्तरं लिहायची, एवढंच काम. संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम आमच्याच जिल्ह्यातल्या, मुंबईत शिकून परत आलेल्या. त्या म्हणायच्या, "आपण ज्या पुस्तकांवरून उपचार करतो, ती लिहिणाऱ्यांनी आपली माणसं कधी पाहिलेली नाहीत."

फॉर्ममधला अकरावा प्रश्न होता: "श्रम करताना छातीत वेदना किंवा दाब जाणवतो का?" पुरुष जरा आठवून उत्तर देत. बायका मात्र प्रश्न पुरा होण्याआधीच "नाय" म्हणून मोकळ्या होत. महिनाभर मी नाही, नाही असंच लिहीत होते आणि या बायकांच्या प्रकृतीचं मला कौतुक वाटत होतं.

मग एक काकी भेटल्या. वय साठीच्या आसपास, रोज बंदरावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चढणीने बाजारात जाणाऱ्या.

"तू खंयची गो?" त्यांनीच आधी विचारलं.

"धामापूरची. तळ्याकाठची."

"म्हणजे तळ्यातले मासे खाणारी. आमचा दुखणा तुका काय कळतला!"

अकराव्या प्रश्नाला त्यांचंही "नाय". सही म्हणून अंगठा झाला. मलाही बाजारातच जायचं होतं, म्हणून त्यांच्याबरोबर निघाले. निम्म्या चढणीवर काकी थांबल्या. एक हात पाटीला, दुसरा जबड्यावर. चेहरा घामाने डबडबलेला.

"काकी, काय होतंय?"

"काय नाय गो. चढताना जबड्यात कळ मारता. घटकाभर उभी रवलंय की जाता. दाढ काढून घेतलंय, तरी जायना."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तू छातीचा इचारलंस. दाढेचा खंय इचारलंस?" मग जरा हसून म्हणाल्या, "आणि घरात चार पुरुष बसलेले. त्यांच्यासमोर छाती-बिती काय बोलतलंय?"

मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, फॉर्मच्या समासात त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले. मॅडमनी ते वाचले आणि दुसऱ्याच दिवशी काकींना बोलावलं. साधा कार्डिओग्राम ठीक आला. पण ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालवल्यावर जबड्यात कळ आली आणि कागदावरची रेघही बदलली. काकींना गोव्याला नेलं. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. वेळेत तिथे स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली आणि काकी वाचल्या. त्या शुद्धीवर असतानाच सारं झालं होतं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माझी दाढ फुकट गेली गो!" मी हसता हसता रडले.

खरी झुंज पुढेच होती. मॅडमना अकरावा प्रश्न बदलायचा होता. संशोधनाला मार्गदर्शन करणारे मुंबईचे ज्येष्ठ सर म्हणाले, "मधेच प्रश्न बदलला तर आधीची सगळी मेहनत वाया जाईल." त्यांचं चुकत नव्हतं. मॅडमनी मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "सर, जुना प्रश्न राहू दे. त्याच्याखाली आमचा एक घालूया. दोन्ही विचारते. मी परत सगळ्या घरांत जाते."

सरांनी घरांची यादी उलटून पाहिली. मग म्हणाले, "परत जाल?"

"जाईन."

आणि मी गेले, आधी काकींकडे. काकींच्याच पडवीत बसून आम्ही नवा प्रश्न तयार केला. मी लिहायचे, काकी खोडायला लावायच्या. "कळ" चालेल, "वेदना" नको. बायकांना वेगळं बसवून विचारायचं, हेही त्यांनीच सांगितलं. जुन्या प्रश्नाला "नाय" म्हणणाऱ्या कितीतरी बायका नव्या प्रश्नाला "होय गो, तसा होता" म्हणाल्या. कुणाच्या खांद्यात, कुणाच्या पाठीत, कुणाचा नुसताच जीव घाबराघुबरा. सगळ्यांच्याच हृदयात बिघाड नव्हता, पण ज्यांच्यात होता त्या सापडल्या. एरवी त्या पित्ताच्या गोळ्या घेत राहिल्या असत्या.

निष्कर्ष मांडायला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, सभा होती. अधिकारी, डॉक्टर, मुंबईचे सर, सगळे होते. मॅडमनी ऐन वेळी माईक माझ्या हातात दिला. त्या सभागृहात सगळे कचेरीतलं मराठी बोलत होते. मी कागद उलगडला आणि आमचा प्रश्न खणखणीत आवाजात वाचला: "चढताना, पाणी आणताना, जबड्यात, खांद्यात नायतर पाठीत कळ मारता काय? बसल्यार जाता काय?"

मग मागच्या दारातून, चहाचा ट्रे घेऊन आलेली बाई मोठ्याने म्हणाली, "होय. माका होता तसा."

सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. सर खुर्चीतून उठले, तिच्याकडे गेले आणि तिच्या हातातला ट्रे त्यांनी स्वतः घेतला. "बसा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "यांना पुढचं विचारा. तुमच्याच भाषेत."

मी माईक ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसले. वहीचं नवं पान उघडलं.