बॉयलरच्या कपाटातली जपानी जेली

आई हॉस्पिटलमधून घरी आली त्याला आठवडा होत आला होता आणि तिनं खाणं सोडल्यातच जमा होतं. छातीचं इन्फेक्शन बरं झालं, पण तोंडाची गेलेली चव काही परत यायला तयार नव्हती. मऊ भात, मुगाचं वरण, रव्याची खीर, सगळं वाटीतून जायचं आणि वाटीतूनच परत यायचं. घरी येणाऱ्या नर्सनं सांगून ठेवलं होतं की शुक्रवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर पुन्हा वॉर्डात न्यावं लागेल. आईनं वॉर्डाची धास्तीच घेतली होती. पण धास्तीनं भूक लागत नाही.

मी दिवसा लॅपटॉपसमोर आणि रात्री तिच्या खोलीबाहेरच्या सोफ्यावर. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असायचा आणि बहुधा मीसुद्धा.

गुरुवारी माझ्या मुलीनं एक उपाय काढला. तिच्या कॉलेजातल्या जपानी मैत्रिणीकडून ती फळांची जेली शिकून आली होती. समुद्री शेवाळाची पांढरी पावडर पाण्यात उकळायची, साखर आणि रस घालायचा, पीचच्या फोडींवर ओतायचं आणि थंडगार करून खायचं. प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन नाही म्हणजे शाकाहारी आजीला चालेल, हे तिनं आधीच बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, अगं, हा आपला चायना ग्रास. तर म्हणाली, जपानी आहे, चायना काय. पुढे वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती.

काचेच्या वाट्या ट्रेमध्ये मांडून ती बसला पळाली. जाता जाता म्हणाली, “बाबा, ही जेली घट्ट व्हायला ठेव हं. हलवू नको.”

आता, या देशात आल्यापासून आमच्या घरात जे जे झाकून, न हलवता ठेवायचं ते गरम पाण्याच्या बॉयलरच्या कायम उबदार कपाटात जातं. दही तिथेच लागतं, इडलीचं पीठ तिथेच फुगतं. एवढ्या वर्षांची हातांची सवय. मी ट्रे उचलला, दह्याच्या पातेल्याशेजारी सरकवला, वर स्वच्छ पंचा घातला आणि एक जबाबदारी नीट पार पाडल्याच्या समाधानात सोफ्यावर आडवा झालो.

संध्याकाळी मुलगी परत आली ती थेट फ्रीजकडे. फ्रीज रिकामा. मी कपाट उघडून दाखवलं. वाट्यांमध्ये कोमट पाणी आणि त्यात पीचच्या फोडी, जणू गरम पाण्याच्या टबात निवांत बसलेल्या. तिचे डोळे भरले. आजीनं उद्यापर्यंत काहीतरी खावं एवढंच तिला हवं होतं.

आई आतून विचारत होती, काय झालं. सांगावंच लागलं.

मग आईचा क्षीण आवाज आला, “अरे, विरजण लावलंस की तेही विसरलास?”

आणि ती हसली. हसता हसता खोकली. मी पाणी घेऊन धावलो, तर ती पाठ टेकून अजून हसतच होती. म्हणाली, “आता ठेव फ्रीजमध्ये. बघू तरी काय ते.”

तासाभरात तिनं जेली झाली का म्हणून मला दोनदा फ्रीजपाशी पाठवलं. शेवटी वाटी आली. मुलीनं पहिला चमचा भरवला. थंडगार जेली जिभेवर फिरवत आईनं डोळे मिटले. तिनं गिळलं, तोंड पुन्हा उघडलं. तिसऱ्या चमच्यानंतर मात्र तिनं कपाळाला आठी घातली.

“साखर कमी पडलीय.”

किती दिवसांनी तिला कशात काहीतरी कमी लागलं होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी साखरेचा डबा आणायला उठलो आणि उगाचच थोडा वेळ स्वयंपाकघरातच उभा राहिलो.