उपाशी ठेवायची डुकरीण

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी सांगलीत डुकरं पाळायचो. मेडिकल कॉलेजातली एक तरुण डॉक्टरीण डुक्कर मागायला दारात आली.

कशाला, ते तिनं मला नीट समजावलं. माणसाचं लिव्हर निकामी झालं की रक्तातलं विष निघत नाही. मग ते रक्त नळीनं बाहेर काढायचं, डुकराच्या लिव्हरच्या जिवंत पेशी भरलेल्या डब्यातनं फिरवायचं आणि परत अंगात सोडायचं. तेवढ्यात लिव्हर सावरलं तर माणूस वाचला. सध्या पेशी डब्यात जगतात का, एवढंच बघायचं होतं. पुण्याचे मोठे डॉक्टर येणार होते. त्यांना पटलं तरच काम पुढं चालणार.

"काका, डुकरीण न्यायच्या आदल्या संध्याकाळपासून तिला खायला देऊ नका. भुलीत उलटी झाली तर सगळं संपलं. लिव्हर जनावर जिवंत असतानाच काढायचंय."

"आवं बाई, डुकरातच जल्म गेला माझा. मला शिकवताय व्हय?"

"शिकवत नाही, हात जोडते."

सकाळी टेम्पो आला तेव्हा डुकरीण भुकेनं ओरडत होती. मरायला निघालेलं जनावर आमच्या दारातनं उपाशी जात नाही. बापानं कधी धाडलं नाही, मीही नाही. शिवाय मनात आलं, पुस्तकातली पोर ही, हिला काय कळतंय? दोन भाकरी कुस्करून घातल्या.

कॉलेजात मी बाहेर बाकड्यावर बसलो. आत पळापळ झाली. भुलीत भाकरी वर आली, श्वासात गेली, आणि लिव्हरला हात लागायच्या आत डुकरीण मेली. डॉक्टरीण बाहेर आली. हातमोज्यांना भाकरीचा लगदा.

"काका, खायला दिलं होतं?"

मागं पुण्याचे डॉक्टर. त्यांच्यादेखत 'व्हय' म्हणायला जीभ उचलेना.

"न्हाई. माझ्या दारात तरी न्हाई."

तिनं हातमोज्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग मागं वळून म्हणाली, "सर, चूक माझी. मी स्वतः तपासायला पाहिजे होतं."

काम बंद पडलं. ती साताऱ्याच्या दवाखान्यात गेली. वर्षभरानं खरं सांगायचं ठरवून मी एस.टी.नं तिथं गेलो. ती एका खाटेजवळ उभी होती. खाटेवरचा माणूस हळदीसारखा पिवळा, शुद्ध हरपलेला. बाटली लावण्यापलीकडं तिच्या हातात काही नव्हतं.

"काका! इकडं कुणीकडं?"

"जावयाकडं आलोतो," मी म्हणालो. साताऱ्यात मला जावई नाही.

"लेकीला आणा की एकदा, भेटेन मी," ती म्हणाली.

बरं म्हणालो आणि स्टँडवर आलो.