मधली ओळ

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दिवेआगरच्या घरी बंगळुरूचं एक जोडपं उतरलं होतं. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना भाड्यानं देतो. सकाळी त्या बाईंनी विचारलं, मॅडम कुठे दिसत नाहीत. बायको बाजाराला श्रीवर्धनला गेली होती. मी हातातली कळशी खाली ठेवली, छाती जरा पुढे काढली आणि म्हणालो, "शी हॅज वेंट टू श्रीवर्धन." बाई सभ्य. "ओ, शी हॅज गॉन," असं हळूच म्हणाल्या आणि पोह्यांकडे वळल्या. पोहे मी केले होते आणि त्यांत मीठ नव्हतं, तेही त्या बोलल्या नाहीत. यावरून सभ्यपणा समजावा.

यात मी थोडा दोष आमच्या वर्गातल्या बसण्याला देतो. शाळेत सरांनी इंग्रजी क्रियापदं पाढ्यांसारखी घोकून घेतली. वर्गात तीन ओळी. खिडकीकडची ओरडायची ‘गो’, मधली ‘वेंट’, भिंतीकडची ‘गॉन’. मग ‘सी’, ‘सॉ’, ‘सीन’. छडी ज्या ओळीकडे वळेल तिनं ओरडायचं, दुसऱ्यांनी गप्प. मी शाळा संपेपर्यंत मधल्या ओळीत बसलो. त्यामुळे वेंट, सॉ, टुक, ब्रोक ही माझी माणसं. हॅव आलं की पुढे तिसरं रूप, हा नियम मी झोपेतही सांगेन. पण तोंड उघडलं की मधली ओळच बाहेर पडते.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण मुलीची मुलाखत ठरली. ती माणगावला एका दवाखान्यात नर्स आहे आणि आता परदेशातल्या एका हॉस्पिटलमध्ये जागा निघाली होती. मुलाखत फोनवर, कॅमेऱ्यासमोर, सगळी इंग्रजीत. आजवर काय काय केलंय ते विचारणार, म्हणजे वाक्यावाक्याला हॅव. मागे एका ठिकाणी तिला इंग्रजीवरूनच नाकारलं होतं. या वेळी नाही जमलं तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं ती आईला म्हणाली होती. मला म्हणाली नाही, कारण मी लगेच भाषण सुरू करतो.

तिनं रजा काढली आणि मी शिकवणी हाती घेतली. पद्धत मला एकच ठाऊक. संध्याकाळी आम्ही तिघं पडवीत सुपारी सोलायला बसायचो, तिथेच वर्ग भरवला. बायको पहिली ओळ, मुलगी दुसरी. तिसरी मी स्वतःकडे घेतली, कारण बंगळुरूच्या बाईंचं ‘गॉन’ मला लागलं होतं. बायकोनं ‘टेक’ म्हणायचं, पोरीनं ‘टुक’, मी ‘टेकन’. हात चालू, तोंड चालू. आम्हाला अशी लय सापडली की शेजारचे कुंपणापाशी येऊन बघून गेले. सगळं तिनंच म्हणायला नको का, असं बायकोनं एकदा विचारलं. लय बिघडेल, असं मी सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी मधल्या खोलीत फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. मुलगी त्याच्यासमोर, पाठीमागे खिडकी, खिडकीबाहेर वाडी. पलीकडच्या मॅडमनी आधी नियम सांगितला. खोलीत दुसरं कोणी नको. कोणी सांगताना आढळलं तर मुलाखत तिथेच बंद. बायको मला खुणेनं वाडीत पिटाळत होती. मी मात्र सुपारीची टोपली घेऊन दाराआड पडवीत बसलो. मी खोलीत नव्हतोच, असा माझा हिशोब.

नाव, गाव, शिक्षण छान झालं. मग मॅडमनी विचारलं, वयस्कर पेशंटची एकटीनं काळजी घेतली आहे का. "येस मॅम, आय हॅव..." म्हणून ती थांबली. मला वाटलं रेंज गेली. मग तिचा बारीक आवाज आला, "टुक..." आणि पुन्हा शांतता. ती वाट बघत होती. कोणाची, ते तिच्या लक्षात आलं नसावं. माझ्या तोंडाच्या मात्र आलं.

"टेकन," मी म्हणालो. लयीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

माझ्या हातातली सुपारी पडली आणि गडगडत खोलीत गेली. मॅडमनी विचारलं, तिथे कोण आहे, फोन फिरवून दाखवा. मुलीनं फोन फिरवला. दारात मी, बनियन आणि पंचा, केसांत सुपारीचा काथ्या. माफी मागायला मी तोंड उघडलं. "मॅडम, आय हॅव..." आणि पुढचं काही येईना. ते आलं नाही हे देवाचे उपकार.

मुलगी मात्र बोलली. तुटक इंग्रजीत तिनं सगळं सांगितलं. हे माझे वडील, आम्ही घरी तिघं मिळून घोकतो, मी दुसरं म्हणते, ते तिसरं म्हणतात, तिसरं मी कधी म्हटलेलंच नाही. माझी ओळ मीच तिला दिली होती, शिकवणी म्हणून.

मॅडमनी आवाज बंद केला आणि बाजूला कोणाशी तरी बोलू लागल्या. त्यांचे ओठ हलताना आम्ही दोघं बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, वडिलांनी खिडकीबाहेर बसावं, मुलाखत संपेपर्यंत मला दिसतील असे.

मी माडाखाली दगडावर बसलो. डास चावत होते, पण हलायची भीती. न जाणो, खूण केली असं वाटायचं. आतलं ऐकू येत नव्हतं. मुलीची पाठ तेवढी दिसत होती आणि पाठीमागे घेतलेला तिचा उजवा हात. प्रश्न आला की तो हात चालायचा. अंगठा पहिल्या बोटाला टेकायचा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मग ती बोलायची. तिन्ही ओळी ती एकटी म्हणत होती. एकदा अंगठा दुसऱ्या बोटावर अडकला. इतका वेळ अडकला की मी तळहातानं तोंड दाबून धरलं, आणि कॅमेऱ्याला तेही दिसलंच असणार. शेवटी अंगठा सरकला.

मुलगी बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या? "कळवतील," एवढंच म्हणून ती अंगणातून पुढे गेली. नंतरचे दिवस घरात कोणी सुपारी सोलताना बोललं नाही. मी तर पाहुण्यांशीही मराठीतच बोलायचो.

निवड झाल्याचं पत्र तिच्या फोनवर आलं तेव्हा आम्ही जेवत होतो. तिनं ते दोनदा वाचलं आणि फोन आईच्या हातात दिला. आईला त्यातलं फारसं कळलं नसेल, पण तिनं तो पदरानं पुसून परत दिला. मी भाषणाला घसा साफ करत होतो. बायकोनं माझ्या पानात भात वाढला आणि मुलीला म्हणाली,

"तिकडनं फोन करशील तो माझ्या फोनवर कर. यांच्या फोनवर केलास तर तुला बोलायलाच मिळायचं न्हाय."