बिनक्लचची गाडी

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. निदान तोंडातला चहाचा घोट तेवढा गिळून घ्या!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. महाडला हमरस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं, मागे घर. लॉऱ्या आणि जीपगाड्या यायच्या. गियर पडताना कुरकुर झाली की मी बिडी न विझवता लांबूनच सांगायचो, "क्लच गेला." आणि तो गेलेलाच असायचा! माणसाच्या डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

त्यात माझ्या मेहुण्याचं, बायकोच्या भावाचं, लग्न ठरलं. आमची सासुरवाडी तुडीलची, मुलगी पोलादपूरची, मुहूर्त दुपारी बाराचा. मेहुणा मुंबईत एका शेठकडे कामाला होता. शेठनं खूश होऊन आपली अमेरिकन मोटार, ड्रायव्हरसकट, लग्नाला धाडली. वऱ्हाड माझ्याच घरून निघायचं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळपासून ती माझ्या अंगणात उभी होती. अख्खी आळी येऊन हात लावून गेली.

सकाळी वऱ्हाडाची लॉरी निघायची वेळ झाली, तेव्हा ड्रायव्हर लतीफभाई मान खाजवत आला. "मिस्त्री, गियर में डालता हूँ तो पहले कुछ नहीं होता, फिर एकदम झटका मारती है."

सासरे तात्या लगेच म्हणाले, "मंग नवऱ्याला लॉरीतनंच नेवया."

आता तात्यांचं आणि माझं कसं होतं, तर काळ्या नखांचा जावई त्यांच्या मनातून कधी उतरलाच नाही, कारण मुळात तो मनात चढलाच नव्हता. म्हटलं, आज दाखवतोच. "तात्या, मी हाय ना! जाऊ द्या लॉरी."

लॉरी गेली. मागे राहिलो तात्या, नवरदेव, लतीफभाई, नवरदेवाची आत्या आणि मी. घड्याळात दहा.

मी ऐटीत सीटवर बसलो, पाय टाकला आणि दचकलो. "लतीफभाई, क्लच कुठाय?"

"है ही नहीं. ये अपने आप गियर बदलती है."

अपने आप? मग मिस्त्री कशाला जन्माला आले? पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ब्रेक दाबून गियरचा दांडा ओढला. गाडी जरा विचारात पडली आणि मग धाडकन असा हिसका, की मागे बसलेल्या नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर आला.

मी इंजिनाचा वेग कमी केला. धाडकन! इंजिनाचे बोल्ट आवळले. धाडकन! दर खेपेला गाडी आणखी उशिरा हलत होती आणि आणखी जोरात आपटत होती. मुंडावळ्या नवरदेवाच्या कानात अडकल्या.

"भावोजी, मी चालत जाऊ काय?" तो गाडीतून रडवेला होऊन म्हणाला.

आता शेवटचा उपाय, गाडीखाली. माझी पक्की खात्री, क्लच कुठेतरी लपवलेला असणार! सरपटत आत गेलो, तर तळहात थारोळ्यात पडला. बघतो तर लालभडक. मला लगेच उमगलं. लग्नाची गाडी निघताना आमच्याकडे बायका चाकांवर कुंकवाचं पाणी ओततात. आत्यांनी ओतलेलं दिसतंय! जरा बुळबुळीत लागलं खरं, पण आत्यांच्या हातचं सगळंच तेलकट असतं. वास म्हणाल, तर तो वास माझ्या अंगाला बारा महिने असायचा.

लग्नघरचं कुंकू पायदळी नको, म्हणून एक बोट कपाळाला लावलं. बाहेर आलो आणि शुभ म्हणून एक नवरदेवाला लावलं. एक तात्यांनाही लावलं. पहिल्यांदाच तात्या माझ्याकडे जरा मायेनं बघत होते.

मग मी निदान सांगितलं. "गाडी परदेशी हाय, हिला आपला रस्ता मानवत नाय. दोष कायबी नाय."

"मंग निघताय ना?" आत्या तांब्या घेऊन घरातून बाहेर आल्या. "थांबा, चाकावर पाणी वतते."

"आत्या, तुम्ही तर मघाशीच ओतलंत ना?"

"कुठं वतलं रे? ह्यो बघ तांब्या, काठोकाठ हाय!"

मी तांब्यात बघितलं. मग तात्यांच्या कपाळाकडे बघितलं. लतीफभाईनं वाकून गाडीखाली नजर टाकली, सरळ माझ्याजवळ आला आणि माझं कपाळ हुंगलं. हो, हुंगलं!

"मिस्त्री, ये गियर का तेल है. बीमारी तो आपने माथे पे लगा रखी है!"

गियरपेटीच्या तळाचा बोल्ट ढिला होऊन रात्रभर तेल गळत होतं. तेल कमी म्हणून हिसका, एवढंच! लतीफभाईनं डिकीतून डबा काढला, त्यातही तेच लालभडक तेल. मी बोल्ट आवळला, त्यानं तेल ओतलं, दांडा ओढला. गाडी लोण्यासारखी हलली. मी मात्र जागचा हललो नाही, आत्यांनी दंडाला धरून आत बसवलं.

पोलादपूरला पोचलो तेव्हा भटजी अंतरपाट झटकत होते. मुहूर्त साधला हो! फक्त नवरीच्या आईनं नवरदेवाला कुंकू लावलं, ते तेलावरून घसरत नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं. मांडवात खसखस पिकली.

तात्या रुमालानं कपाळ घासत माझ्याजवळ आले.

"जावयबापू, अक्षता लांबनं टाका. नवरीच्या मंगळसूत्राला तेवढा दुरुस्तीचा हात लावू नका, चालू हाय त्ये!"